बोळकं

कस्तुरीला चौदावा महिना लागला तेव्हा
अख्ख्या घोडपदेवला माहीत होतं
की माझ्या पोरीला अजून दात नाही.
खालच्या मजल्यावरच्या मुकादमकाकू जिन्यात अडवून विचारायच्या,
"आला का गं?"
जसं कुणी गावाहून यायचं होतं
आणि त्याची एसटी चुकली.

कुणी म्हणालं, कॅल्शियम कमी.
कुणी म्हणालं, टाकणखार चोळ मधातून. मी नाही चोळला.
सासूबाई म्हणाल्या, हिचा बाप दीड वर्षाचा होईतो
नुसतं बोळकं होता,
आता बघ, ऊस सोलतो दातानं.
(खरं आहे. सोड्याच्या बाटल्याही उघडतो,
लग्नात लाज आणतो.)
पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी
तोंडात बॅटरी मारली, वजन केलं,
म्हणाल्या, दीड वर्षापर्यंत वाट बघू, पोर छान आहे,
पुढचा नंबर.

आणि मी
ग्रँट रोडला, तिसऱ्या माळ्यावर,
दहा ते सात दातच करते.
मेण तापवते, चिमट्यानं एकेक उचलून ओळीत लावते.
फळीवर प्लास्टरच्या हिरड्या, पाठीवर पेन्सिलीनं नाव:
दारूवाला, ताडदेव. शेख, नागपाडा. पै, माटुंगा.
रंगाप्रमाणे डबे: ए-वन, ए-टू,
चहाबाजांसाठी ए-थ्री.
त्या पत्र्याच्या कपाटात सात हजार दात असतील.
दिलावरभाई म्हणतात, "वैदेही, एक पाकीट घेऊन जा घरी,
शेठला नाही सांगणार."

दारूवालाबाईंची कवळी तिसऱ्यांदा परत आली. टोचते.
या वेळी त्या स्वतः आल्या, लिफ्ट बंद, काठी टेकत,
जिन्यावर दोनदा बसून.
"अकरा वरस हिरडीवर खीमा खाते मी.
हे तर नातीच्या लगनात फोटोसाठी."
मग हसल्या. तोंडावर हात नेला नाही.
मी फाइल हातात धरून बघतच राहिले.
पहिल्या वाढदिवसाला वन्सं म्हणाल्या होत्या,
फोटोत तिचं तोंड जरा मिटू दे.
आणि मी मिटवलं होतं,
दोन बोटांनी.

रात्री हात धुऊन हिरडीवरून बोट फिरवायचे.
धंद्याची सवय.
मऊ, गरम, ओली. प्लास्टरला हे नसतं.
ती चावायची,
दात नसलेल्याच्या पूर्ण ताकदीनं.

माझा भाऊ दिगू भिवंडीला टेम्पो चालवतो.
दिवाळीपासून पगार अर्धाच.
दर रविवारी त्याचा फोन: "आला? वर की खाली?"
वरचा आधी आला तर मामाला जड, असं आमच्याकडे म्हणतात,
आणि उतारा म्हणून मामानं
चांदीची वाटी द्यायची.
दिगू हसत विचारतो.
हसत, पण विचारतोच.

परवा मंगळवारी, पाणी जायच्या आत
दोन बादल्या, पिंप, कडेवर ही,
घाईत भाताचा चमचा तोंडात गेला
आणि टिक्.

मी नळ बंद केला.
पुन्हा चमचा. टिक्.
ओठ उचलला. तांदळाची कणी.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेड सांगता येईना,
आमच्या कुठल्याच डब्यात नाही तो पांढरा.

वर.

रविवारपर्यंत थांबवेना. मीच फोन लावला.
"खाली," म्हटलं, "खालचा. डावीकडचा."
एवढं तपशिलात कोण सांगतं?
पलीकडे हॉर्न वाजत होते. मग त्यानं
मोठा श्वास सोडला, म्हणाला, "वाटी वाचली गं माझी!"
वाटीचंच म्हणाला.

पूर्ण पगार झाला की बघायला येतो म्हणालाय.
म्हणजे वेळ आहे.
तरी रोज रात्री खालच्या हिरडीला विनवते,
ये बाई लवकर,
मला भावाला तोंड दाखवायचंय.
कस्तुरी खदखदून हसते,
वरच्या एकानं
सगळं उघडं पाडत.